घरचा आवाज

पैज लावता? मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसला, तर आजचं सगळं भरीत तुमचं, मी नुसती भाकरी खाईन.

हसू नका. माझ्या गोष्टींची ख्याती मला ठाऊक आहे. तापीतल्या मगरीने माझा प्रबंध गिळला आणि परीक्षकांपेक्षा तिला तो जास्त पचला, ही गोष्ट मी कित्येक बॅचना सांगितली. एका बॅचने तर ती मगर बघायला सहल काढली होती. पण आजची तशी नाही. आजची घडलेली आहे, आपल्याच गिरणाकाठ विद्यापीठात, आपल्याच भौतिकशास्त्र विभागात. तुम्ही तेव्हा पाळण्यात असाल.

त्या काड्या जरा आत सरकवा रे. वांगं कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलं तरच त्याला भरीत म्हणायचं. आणि हा जो वांगी उलटतोय आणि मधूनच माझ्याकडे डोळे वटारून बघतोय, तो श्रीरंग. माझा भाडेकरू. बरीच वर्षं झाली, जागा काही सोडत नाही. त्याच्याकडे लक्ष देऊ नका, त्याने ही गोष्ट ऐकलेली आहे.

तर, दोन हजार चाळीस साल उजाडायचं होतं. प्रबंध यंत्रांनी लिहायचे आणि व्हायवा भाड्याच्या माणसांनी द्यायचा, असा तो काळ. एका पठ्ठ्याने म्हणे मिशा बदलबदलून सात विषयांत डॉक्टरेट मिळवली होती. बरं, पाच विषयांत. त्याच्या धसक्याने आमच्याकडे 'पडताळ' आलं.

पडताळ म्हणजे हॉलच्या भिंतींत बसवलेले माइक, स्टेजवर एक पडदा आणि एक दिवा. तुम्ही बोलायला लागलात की दोन-चार वाक्यांत ते तुमचा आवाज जुन्या नोंदीशी ताडून बघायचं. ओळखलं तर दिवा हिरवा. नाही ओळखलं तर लाल, आणि तुमचा माइक बंद. ज्याला पडताळने ओळखलं नाही त्याला स्टेजवरून बोलायचा हक्क नाही, असा नियमच झाला. मग तो विद्यार्थी असो, गाइड असो, नाहीतर बाहेरून आलेले परीक्षक. विद्यार्थ्याचा नमुना बीएस्सीला प्रवेश घेतानाच घेतलेला असायचा, एक उतारा वाचायला लावून. प्राध्यापकांचे तर वर्षानुवर्षांचे तास रेकॉर्ड झालेले होते, ते सगळे त्याला खाऊ घातले. इतकं तयार झालं ते, की किनगे मॅडम शिंकल्या तरी दिवा हिरवा व्हायचा.

या किनगे मॅडम आमच्या डीन. वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट असती तर गोष्ट सोपी झाली असती.

आता, आपल्याकडे पीएचडीचा व्हायवा खुला असतो. गावातलं कोणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावा. व्हायवा खुला म्हणून पडताळही खुला. सगळ्यांसमोर आधी तुमचा तो जुना नमुना वाजायचा, पडद्यावर तेव्हाचं नाव यायचं, मग तुम्ही आजच्या आवाजात दोन शब्द बोलायचे, आणि दिवा हिरवा. लोकांना हे एवढं आवडलं म्हणता! अठराव्या वर्षीचा तो घाबरलेला, चिरका आवाज ऐकून आयांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याला नावच पडलं, आवाजदर्शन. बारशाला येतात तसे पाहुणे यायचे. नंतर कचोरी आणि चहा.

म्हणजे बघा, कुणाला बाहेर ठेवायला म्हणून ते काढलेलं नव्हतं. कौतुक म्हणूनच सुरू झालं होतं.

"मग बाहेर कोण राहिलं, सर?" अन्वयने विचारलं. याचा पुढच्या सत्रात व्हायवा आहे, आणि आल्यापासून याने भाकरीचा तुकडा मोडलेला नाही.

ओजस. ओजस वारके. यावलकडचा पोरगा, डॉ. खाचणेंचा विद्यार्थी. प्रभंजन खाचणे. तुम्ही नाव ऐकलं नसेल, माझ्या शेजारीच बसायचा. ध्वनिशास्त्र शिकवायचा, सदा इस्त्रीचा शर्ट, आणि तासाला असा बोलायचा की वाटावं आकाशवाणी लागली आहे. लग्न केलेलं नव्हतं. लोकांना सांगायचा, जागा मोठी आहे, एक भाडेकरू ठेवलाय.

"तुमच्यासारखंच की," हेमांगी म्हणाली.

भाडेकरू ठेवायला बंदी आहे का? पुढे ऐक.

ओजसचा विषय होता विहिरी. विहिरीच्या काठावर उभं राहून एक टाळी वाजवली, तर आत जो घुमारा उठतो त्याचा सूर पाण्यापर्यंतच्या हवेच्या खांबावर ठरतो. पाणी वर असलं की खांब आखूड, सूर चढा. पाणी खोल गेलं की खांब लांब, सूर खर्जात. म्हणजे नुसत्या टाळीवरून पाणी किती उरलंय ते सांगता येतं. पोरगा सहा वर्षं यावल-रावेरच्या विहिरींवर टाळ्या वाजवत हिंडला. लोक म्हणायचे, देवीचं काहीतरी बोललेला दिसतो.

आणि माणसाचा आवाज? तोही तसाच. गळ्यातल्या दोन पट्ट्या थरथरतात, आणि वरची घसा-तोंड-नाकाची पोकळी त्यातले काही सूर उचलून धरते. पट्ट्या जाड झाल्या की सूर खाली उतरतो. मुलगे वयात येतात तेव्हा टेस्टोस्टेरॉनने हेच होतं. ओजसच्या बाबतीत ते पंचविसाव्या वर्षी झालं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, इंजेक्शनांनी. कारण बीएस्सीला त्याने प्रवेश घेतला होता तो मुलींच्या रांगेत उभं राहून. जुन्या नावाने. ते नाव मला माहीत आहे आणि ते माझ्याबरोबरच जाईल, विचारू नका.

नवं ओळखपत्र झालं, नवं नाव झालं, दाढीसुद्धा बरी आली. विभागात दोघा-तिघांनाच माहीत होतं. पण पडताळच्या पोटात तो उतारा होता, मुलीच्या आवाजातला, खाली जुन्या नावासकट.

आता कोंडी बघा. भर हॉलमध्ये तो उतारा वाजणार, पडद्यावर नाव झळकणार. मग ओजस बोलणार आणि दिवा लाल होणार, कारण यंत्राच्या हिशेबाने ही दुसरीच व्यक्ती. दुसरी व्यक्ती म्हणजे तोतया. तोतया म्हणजे कायमचा बाद. आणि समजा चुकून हिरवा झाला, तरी नाव तर झळकून गेलेलंच.

खाचणे गेला किनगे मॅडमकडे.

"मॅडम, एवढ्या एका पोराचं दार लावून करा."

"खाचणे, आज एकासाठी दार लावलं की उद्या दहा जण कडी घेऊन येतील. माझा त्याला विरोध नाही हो. त्याने काय घालावं, काय म्हणवून घ्यावं, मला देणंघेणं नाही."

"मग नवा नमुना घ्या त्याचा."

"नवाच घ्यायचा तर पडताळ कशाशी करू? उद्या कोणीही येईल, म्हणेल माझा आवाज बदलला."

"ओळखपत्र बदललंय त्याचं. कायद्याने."

"कागदावर विश्वास ठेवायचा असता तर हे धूड भिंतीत कशाला बसवलं असतं?" मॅडमनी चष्मा काढला. त्यांनाही बरं वाटत नव्हतं. "फार तर मी असं करते, नमुना वाजायच्या आधी सगळ्यांना सांगते, की कोणी हसू नका."

खाचणे हे ऐकून आला आणि प्रयोगशाळेत स्टुलावर बसला. ओजस तिथेच होता. त्याने हल्ली इमारतीत बोलणंच सोडलं होतं. हॉलबाहेरही जागोजागी सरावाचे माइक होते ना. काही सांगायचं तर फळ्यावर लिहायचा. मुलांना वाटायचं घसा बसलाय. त्या दिवशी मात्र बोलला.

"काय म्हणाल्या?"

"ओजस, दोन मिनिटांचा प्रश्न आहे रे. डोळे मिटून उभा राहा. लाल झाला तर आपण अपील करू, भांडू, मी आहे ना."

"सर, पुढच्या महिन्यात मी भूजल खात्यात रुजू होणाराय. त्यांनी डिग्रीसाठी जागा धरून ठेवलीय. तिथले तिघं येणारेत हॉलमध्ये. घरमालक येणारेत, त्यांना मीच बोलावलंय, मूर्खासारखं. तो आवाज एकदा वाजला ना, की मग मी काहीही बोललो तरी लोकांना तोच ऐकू येणार."

"मग काय करतोस? सहा वर्षं विहिरीत टाकतोस?"

"तुमच्या घरातलं बोलणं कोणी असं सभेत वाजवलं तर, सर?"

"माझं घर कुठे मधे आलं?"

"तेच म्हणतोय. तुमचं कधीच मधे येत नाही."

पोरगा निघून गेला. फळ्यावर त्याने लिहून ठेवलं होतं, व्हायवा रद्द करायचा अर्ज कुणाकडे द्यायचा?

खाचणे तिथेच बसून राहिला. प्रयोगशाळेतही पडताळचा असा एक माइक होता, पडदा आणि दिव्यासकट. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. घरून. "हो रे, आनतो कोथमीर. नाही इसरत. तू जेवून घे ना बापा, माह्यासाठी कायले थांबून राह्यला?" एवढंच बोलला, आपल्या लेवा बोलीत, हळू आवाजात, जसा माणूस घरच्याशी बोलतो तसा. फोन ठेवला आणि बघतो तर समोर दिवा लाल.

पडद्यावर अक्षरं: ही व्यक्ती नोंदीत नाही.

त्याला वाटलं बिघडलं. तासाच्या आवाजात म्हणाला, "ध्वनी हा लहरींच्या रूपाने प्रवास करतो." हिरवा. पुन्हा हळूच म्हणाला, "कोथमीर आनतो." लाल.

यात चमत्कार नाही, शास्त्र आहे. हलकं बोलताना गळ्यातल्या पट्ट्या सैल मिटतात, श्वास जास्त सुटतो, जबडा सुटा होतो, सुराची चढउतार पार बदलते. पडताळला इतक्या वर्षांत नुसती व्याख्यानं मिळाली होती. घरचा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. आणि कसा ऐकणार? खाचणेने घराचा उंबरा ओलांडला की तो आवाज आत ठेवून कुलूप लावायची सवय केली होती. इतकी वर्षं या इमारतीत नोकरी करून, आतल्या माणसाची नोंदच नव्हती.

 आधी तो घाबरला. मग त्याला एक गोष्ट सुचली, आणि मग जास्तच घाबरला.

त्याने ओजसला निरोप धाडला, अर्ज देऊ नकोस, ये फक्त. पुढचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचाच धीर सुटला असता. त्या आठवड्यात त्याला अन्न गोड लागलं नाही. घरी ताट तसंच सारायचा. घरचा माणूस विचारायचा, काय झालंय? हा म्हणायचा, पित्त.

व्हायवाच्या दिवशी हॉल भरलेला. भूजल खात्याचे तिघे पुढे. घरमालक सहकुटुंब. यावलहून सुमनकाकू आली होती, जिच्या विहिरीवर ओजस सहा वर्षं जात होता. शेवटच्या रांगेत एक गृहस्थ व्हायवा सुरू व्हायच्या आधीच कचोरी खात बसलेले. स्टेजवर किनगे मॅडम, पुण्याचे परीक्षक, आणि कडेला ओजस. त्याचा चेहरा असा, की डॉक्टरने बघितलं असतं तर आधी सलाईन लावलं असतं. पडद्यावर आलं, आवाजदर्शन थोड्याच वेळात.

रिवाज असा, की आधी गाइडने विद्यार्थ्याची ओळख करून द्यायची. खाचणे उठला. माइकसमोर गेला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. आणि रोज संध्याकाळी आपल्या दारात उभा राहून जे म्हणायचा, ते त्याच हळू आवाजात म्हणाला.

"दार उघड बापा, मी आलो. दमलो रे आज."

कोणाला काही कळेना. मागच्या कचोरीवाल्या गृहस्थांना जोराचा ठसका लागला, तेवढाच काय तो आवाज. खाचणेने वाक्य पुन्हा म्हटलं. दिवा लाल. माइक बंद. ही व्यक्ती नोंदीत नाही.

"अहो सुधा... खाचणे, काय चाललंय?" किनगे मॅडम म्हणाल्या.

माइक नव्हता, पण हॉल इतका गप्प होता की गरजच पडली नाही. "मॅडम, हा माझा घरचा आवाज आहे. रोज मी हे म्हणतो आणि आतून एक माणूस दार उघडतो. बरीच वर्षं. तो भाडेकरू नाही." त्याने घाम पुसला. "यंत्र म्हणतंय मी अनोळखी आहे. नियमाने मला आता खाली बसायला हवं. गाइड नाही, म्हणजे व्हायवा नाही. आजचाही नाही आणि ज्यांचा-ज्यांचा मी गाइड होतो त्यांचाही बहुतेक नाही."

"काहीतरीच काय!" मॅडम भडकल्या. "यंत्राला काय कळतंय? मी ओळखते ना यांना! शेजारच्या केबिनमध्ये जन्म गेला आमचा. हे तेच आहेत, मी सांगते."

पुण्याचे परीक्षक पेन उघडून म्हणाले, "मॅडम, हे कामकाजात लिहायचं का? की यंत्र नाही म्हणालं, तरी ओळखणाऱ्या माणसाच्या शब्दावर घेतलं?"

"लिहा! खुशाल लिहा!"

झालं. चुकल्या. नियम त्यांचा होता आणि तो त्यांनीच, सगळ्यांदेखत, मोडला. आणि मोडला तो प्रेमापोटी, हे विसरू नका.

"मग माझंही लिहा," खाचणे म्हणाला. "हा ओजस वारके. मी ओळखतो याला. नमुना वाजवायची गरज नाही."

मॅडमना तेव्हा कळलं. त्यांनी दिव्याकडे बघितलं, खाचणेकडे बघितलं.

"तुम्ही गाइड. तुमच्या एकट्याच्या शब्दावर कसं घेऊ?"

तेवढ्यात सुमनकाकू पदर सावरत उठली. माइक तिला ओळखत नव्हता, तिला त्याचं काय! "याले ओयखतो ना मी. हा तं आमच्या इहिरीवर येऊन टाया वाजवते. सहा वर्सं झाले."

ती त्याला पहिल्या वर्षापासून बघत होती. म्हणजे तिने काय काय बघितलं असेल, ते तुम्ही समजा. पण तोंडातून एवढंच काढलं आणि खाली बसली. मग प्रयोगशाळेतली पोरं उठली. मग कॅन्टीनवाला उठला, त्याला वाटलं आपणही उठायचं असतं.

"पुरे, पुरे," किनगे मॅडम म्हणाल्या. "डिग्री द्यायचीय, लग्न नाही लावायचं." त्यांनी स्वतः उठून पडद्याची वायर ओढली. "सुरू करा, वारके."

आणि व्हायवा झाला. पुण्याच्या परीक्षकांनी विचारलं, "पाण्याबरोबर सूर इतका बदलतो, मग चैत्रात वाजली ती विहीर आणि भाद्रपदात वाजली ती, एकच हे कशावरून?" ओजस म्हणाला, "सर, एका टाळीवरून नाही कळत. त्यासाठी वर्षभर त्याच काठावर पुन्हा पुन्हा जावं लागतं." आवाज थोडा कापला, पण त्याचाच होता. डिग्री मिळाली. आवाजदर्शन पुढच्या सत्रापासून बंद झालं.

कसं? बसला विश्वास? नाही ना? ठेवा भरीत इकडे.

कोणी हसलं नाही. अन्वयच्या हातात ताट तसंच. तो म्हणाला, "आणि खाचणे सर? म्हणजे ते सगळ्यांना कळल्यावर... लोकांनी त्यांचं काय केलं? पुढे कसे राहिले ते?"

हा पोरगा हे का विचारतोय ते मी विचारणार नाही. मी आपलं एक वांगं चाचपलं.

खाचणे ना? गेला बिचारा. एकटाच पडला शेवटी. बदली करून घेतली, तापीच्या काठी जागा घेतली, आणि तुला सांगतो अन्वय, तीच ती मगर...

"खोटं!"

श्रीरंगने हातातलं वांगं परातीत आपटलं. राख सगळ्यांच्या ताटात उडाली.

"साफ खोटं! कसला खाचणे अन् कसली मगर! पोरगा काय विचारून राह्यला ते समजते का तुले, सुधाकर? अन् 'दार उघड बापा' नव्हतंच ते. 'दार उघड, शिरंग्या' म्हणाला होतास. भरल्या हॉलात. कचोरी माझ्या घशात अडकली होती!"